डॉल्बी म्हणजे काय रे भाऊ? : आटपाडीच्या हळदीतून यंत्रांचा इतिहास

आटपाडी भागातल्या लग्नघरात “डीजे आला का?” असं कुणी विचारलं, तर ते माणसाची वाट बघत नसतात. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा टेम्पो, त्यावर रचलेले स्पीकर आणि मागे जनरेटर, हे सगळं मिळून ‘डीजे’. लॅपटॉपसमोर उभा असलेला पोरगा ‘डीजेवाला’, नाहीतर नुसता ऑपरेटर. इंग्रजीत जो शब्द माणसासाठी आहे तो आपल्याकडे यंत्राला चिकटला आणि माणूस ‘वाला’ होऊन बाजूला राहिला. जुन्या माणसांना विचारा, ती याच ट्रॉलीला ‘डॉल्बी’ म्हणतील. 

ही पोस्ट दोन प्रश्नांमुळे लिहितेय. एम.एस्सी. करणाऱ्या एका वाचकानं विचारलं की घरगुती हळदीत, वाढदिवसात, बारशात डीजे करायचाय, सुरुवातीला काय घेऊ? दुसऱ्या वाचक पेटची तयारी करतायत. त्यांना आपल्या गावातलाच विषय संशोधनाला घ्यायचाय, पण तो ‘आमच्या गावाचा गौरवशाली इतिहास’ होऊन बसेल अशी भीती वाटते. माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं आणि पीएच.डी. तंत्रज्ञानाच्या इतिहासात, त्यामुळे मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. कुठलं यंत्र निवडायचं हे कळायला ते यंत्र कुणी, कशासाठी आणि कशाच्या जागी आणलं हे माहीत असावं लागतं.

तर आधी डॉल्बी.

रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या कामासाठी. १९६५ साली त्यानं लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्याच्यासमोरचा प्रश्न होता टेपवरच्या खरखरीचा. चुंबकीय टेपवर काहीही ध्वनिमुद्रित करा, मागे बारीक ‘सऽऽऽ’ येतोच. गाणं मोठ्यानं चालू असताना तो जाणवत नाही, हळू जागी मात्र कानाला टोचतो. डॉल्बीची युक्ती अशी : ध्वनिमुद्रण करताना हळू आणि उंच पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवून टेपवर घ्यायचे आणि वाजवताना तेवढेच कमी करायचे. गाणं मूळ पातळीवर येतं, आणि टेपची खरखर मधेच मिसळलेली असल्यामुळे तिच्यावर फक्त ‘कमी करणं’ लागू होतं. १९६६ मध्ये हे स्टुडिओंसाठी आलं. १९६८ मध्ये आलेला ‘डॉल्बी बी’ घरगुती टेपसाठी होता. चांगल्या कॅसेट डेकवर त्याचं बटण असायचं, पुढे सिनेमाच्या पडद्यावरही हे नाव झळकू लागलं.

थोडक्यात, डॉल्बी म्हणजे नको असलेला आवाज कमी करायचं तंत्र! आणि आपल्याकडे ज्याच्या विरोधात ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशा मोहिमा निघतात, तोही डॉल्बीच. हसून सोडून देऊ नका, शब्दाचा असा उलटा प्रवास हा पुरावा असतो. आपल्या भागात हा शब्द ‘भारी आवाज’ या अर्थानं पोचला, तंत्र म्हणून नाही. म्हणजे लोकांना यंत्राच्या आतल्या करामतीशी देणंघेणं नव्हतं, त्यांना हवा होता टॉकीजमधला छातीत बसणारा आवाज अंगणात. या ‘छातीत बसणाऱ्या’ आवाजाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळा इतिहास तिथेच वळतो.

आता मागे जाऊ. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. आटपाडीचा इतिहास म्हटलं की लोक स्वतंत्रपूरची खुली वसाहत सांगतात, माडगूळकर बंधू सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पण गावात आवाज कोण करायचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दवंडी देणं, हलगी वाजवणं, वरातीपुढे चालणं ही हौसेची कामं नव्हती, ती जातीनं ठरलेली होती. शंकरराव खरात १९२१ साली आटपाडीतच जन्मले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘तराळ-अंतराळ’ आहे. तराळ म्हणजे गावकीची पडेल ती कामं करणारा, निरोप पोचवणारा, हाकारा देणारा महार. त्या घरातला मुलगा पुढे वकील झाला, कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. महार वतनासारखी गावकामगारांची वतनं कायद्यानं संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर. हलगी मुख्यतः मातंग समाजाच्या हातात राहिली. लग्नात तिच्याशिवाय पान हलायचं नाही, आणि वाजवणाऱ्याची पंगत मात्र वेगळी. धनगरांच्या गजीनृत्याचा ढोल वेगळा, त्याचा मान वेगळा. कुठलं वाद्य कुठे, कधी आणि कुणाच्या गळ्यात, हे सगळं आधीच ठरलेलं.

या जगात लाऊडस्पीकर आला, तो मंडपवाल्याबरोबर. भोंगा, अँप्लिफायर, एक माईक आणि एक रेकॉर्ड प्लेअर. अहुजा ही दिल्लीची कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे. तिचे अँप्लिफायर आणि भोंगे इतके पसरले की कित्येक गावांत ‘अहुजा’ हा शब्दच यंत्रासाठी वापरला गेला. वीज नसेल तिथे मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम भागायचं.

इथे थोडं भौतिकशास्त्र, कंटाळू नका. भोंगा एका टोकाला आणि अँप्लिफायर दुसऱ्या टोकाला, मधे वायर शंभर-दोनशे मीटर. १०० वॅटचा अँप्लिफायर थेट ८ ओहमच्या स्पीकरला जोडला तर दाब साधारण २८ व्होल्ट असतो आणि प्रवाह साडेतीन अँपिअर. तीच शक्ती १०० व्होल्टच्या लाइननं पाठवली तर प्रवाह फक्त १ अँपिअर. वायरमधली गळती प्रवाहाच्या वर्गावर ठरते, म्हणजे तेवढ्याच वायरीत ती सुमारे साडेबारा पट कमी होते. म्हणूनच बारीक वायर झाडाझाडावरून ओढत नेली तरी वेशीपर्यंत आवाज पोचायचा. शिवाय भोंगा विजेचं आवाजात रूपांतर साध्या कोनाच्या स्पीकरपेक्षा खूप चांगलं करतो. कमी वॅटमध्ये लांब जाणारा आवाज, गावाला नेमकं हेच हवं होतं.

पण भोंग्याची एक मर्यादा होती. तो साधारण ३०० हर्ट्झच्या खाली काही देतच नाही. बोलणं स्पष्ट येतं, लताबाईंचा आवाज येतो, सनई येते. ढोलकीचा वरचा टाक येतो, खालचा ‘घुम’ येत नाही.

त्यामुळे झालं काय, तर भोंग्यानं हलगीला हटवलं नाही. भोंग्यावर गाणी लागायची आणि मधे माईकवर आहेर पुकारला जायचा, “अमक्या गावच्या तमक्या पाव्हण्यांकडून एकवीस रुपये आहेर!” प्लेअर एकच, त्यामुळे रेकॉर्ड बदलताना पोकळी पडायची आणि ती “हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री”नं भरायची. नाचायची वेळ आली की मात्र हलगी, घुमकं, कैताळ. घुमक्याचा खालचा ठोका पोटात बसतो, कैताळ वरून कापत जातं, मधे हलगी कडाडते. खालचा, मधला, वरचा असे आवाजाचे तिन्ही पट्टे तीन माणसं मिळून देत होती. आजचा साऊंडवाला ‘बेस’, ‘मिड’, ‘टॉप’ म्हणतो, ती विभागणी आपल्या वरातीत आधीपासून होती!

ऑपरेटर हा आपल्याकडचा पहिला डीजे असं मी म्हणते, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं, तो फक्त तबकडी बदलायचा. पण वरमाय आल्यावर काय लावायचं, पंगत बसल्यावर काय, वाटे लावताना काय, हे तोच ठरवायचा. ही निवड म्हणजेच डीजेचं काम. दोन गाणी जोडणं हा त्यातला नंतर आलेला भाग.

तो जोडण्याचा भाग आला कुठून हे बघायला न्यूयॉर्कला जावं लागतं. ११ ऑगस्ट १९७३. ब्रॉन्क्स भागात १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतल्या सामायिक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, वय १८, टोपणनाव कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म म्हणून हीच तारीख सांगतात. आपल्यासाठी महत्त्वाचं असं की ही घरगुती पार्टी होती, आणि आवाजाची यंत्रणा त्या पोरानं विकत घेतलेली नव्हती. वडिलांनी एका बँडच्या कामासाठी घेतलेली त्यानं वापरली.

हर्कचं कुटुंब जमैकातलं. जमैकात १९५० च्या दशकापासून ‘साऊंड सिस्टीम’ची परंपरा होती. ट्रकवर स्पीकर, जनरेटर, टर्नटेबल, आणि कुणाचा साऊंड भारी यावर चुरस. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या ट्रॉलीचं चुलत घराणंच ते. फरक एवढा की हर्क रस्त्यावरच्या ट्रकची कल्पना घेऊन इमारतीतल्या हॉलमध्ये गेला आणि आपण अंगणातल्या मंडपातून ट्रॉलीवर गेलो.

हर्कनं बघितलं की गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो तेव्हा पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवायला लागला. एकीवरचा तालाचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा तुकडा मिनिटभर, मग पाच मिनिटं. यासाठी भारी स्पीकर लागत नाहीत. लागतात दोन प्लेअर, मधे मिक्सर, आणि पुढचं गाणं लोकांच्या आधी स्वतः ऐकायला हेडफोन. डीजेचं खरं यंत्र हेच आहे, स्पीकर तर कुणाचेही असू शकतात. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ चा, आणि १९७९ च्या एमके२ वर वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी आली. तिच्यामुळे दोन गाण्यांचा ठोका जुळवणं सोपं झालं.

आटपाडीत ही पायरी आलीच नाही. आपण तबकडीवरून थेट कॅसेटवर गेलो. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची, पण भारतात तिचा धुमाकूळ १९८० च्या दशकातला. सुपर कॅसेट्ससारख्या कंपन्यांनी किमती पाडल्या आणि मुंबईच्या बड्या कंपनीनं कधी घेतली नसती अशी गाणी बाजारात आली. लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, देवाची गाणी. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद शिंदे घराघरात पोचले ते कॅसेटमुळे. पीटर मॅन्युअल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारतातल्या याच उलथापालथीवर आहे, संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी वाचाच. कॅसेटचा एक तोटा होता. नेमकी जागा पटकन सापडत नाही, पेन्सिल घालून फिरवत बसा. म्हणजे गाण्यांची निवड वाढली, पण जोडणं अवघडच राहिलं.

जोडणं आलं ते संगणकाबरोबर. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर २००३ चं. दोन टर्नटेबल आणि मिक्सर हे सगळं पडद्यावर. गावाकडच्या पोरांनी ते उचललं, एफएल स्टुडिओवर रिमिक्स करायला सुरुवात केली आणि गाण्याच्या मधेच स्वतःचं नाव घुसवलं. हे नाव घुसवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हलगीवाल्याचं नाव लग्नपत्रिकेत कधी नव्हतं, भोंगेवाल्याचं नाव फार तर पेटीवर रंगवलेलं असायचं. आता गाण्यातच, दर तीस सेकंदांनी.

आणि त्याच काळात बेस आला. १८ इंची स्पीकरचे खोके, ते हलवायला लागणारे हजारो वॅटचे अँप्लिफायर. ‘चार बेस, चार टॉप’ अशी सुपारी ठरायला लागली. जे काम भोंग्याला इतकी वर्षं जमलं नाही, पोटात बसणारा ठोका देण्याचं, ते यंत्रानं केलं. घुमक्याची गरज त्या दिवशी संपली.

‘यंत्राचा आवाज मोठा म्हणून हलगी गेली’ असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मोठा आवाज तर भोंग्याचाही होता, आणि तो असताना हलगी दणक्यात चालली. हलगी गेली ती १०० हर्ट्झच्या खालच्या पट्टीमुळे. संशोधनात ‘आवाज वाढला’ हे वाक्य पुरत नाही. कुठल्या पट्टीतला, किती अंतरावर, कुणाच्या जागी, हे विचारावं लागतं.

त्याचबरोबर दुसरी बाजू. हलगी गेली म्हणून हळहळणारे लेख पुष्कळ येतात. पण गावात कुणाच्या तरी आजोबाच्या गळ्यात ती जातीनं अडकवलेली होती, आणि नातवाला ती नको असेल तर तो संस्कृतीचा ऱ्हास कसा? त्या नातवानं मिक्सर धरला तर लग्नघर त्याला जात विचारत नाही, ‘किती बेस आहेत’ विचारतं. उलट ज्याचं पोट हलगीवर होतं आणि ज्याच्याकडे ट्रॉलीचं भांडवल नव्हतं, त्याचे हात रिकामे झाले हेही तितकंच खरं. काही घरांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. या विषयावर काम करणार असाल तर यातली एकच बाजू घेऊन प्रबंध लिहू नका, मार्गदर्शक कितीही आग्रह धरोत.

ट्रॉलीचं भांडवल म्हणजे काही लाख. ते बहुधा कर्जाचं असतं. आणि त्याच वेळी कायदा दुसऱ्या बाजूनं येत होता. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल आला, २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाचा. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेला परवानगी द्यावी म्हणून साऊंड व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानं दिलासा दिला नाही. ट्रॉली दारात, हप्ता डोक्यावर, आणि ऐन हंगामात पोलिसांची नोटीस. ‘पोरं ऐकत नाहीत’ एवढ्यावर हा विषय संपवणाऱ्यांनी कर्जाची ही बाजू एकदा मोजून बघावी.

खासगी जागेसाठीचा नियम घरगुती डीजेनं पाठ करावा असा आहे. तुमच्या यंत्रणेचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. निवासी भागात दिवसा म्हणजे ६०. हे किती कमी आहे ते काढू. साधा बरा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. ९० वरून ६० वर यायला साधारण ३२ मीटर लागतात. एका वॅटला! १०० वॅट दिले तर १ मीटरवर ११०, आणि ६० वर यायला तीनशे मीटरपेक्षा जास्त. तेवढ्यात आटपाडीची एक गल्ली संपून दुसरी सुरू होते. भिंती थोडं अडवतात, पण बेसला नाही. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब असते, ती भिंतीला फारशी जुमानत नाही आणि शेजारच्या पत्र्याला थरथरवते.

कानाचंही बघा. व्यावसायिक सुरक्षेसाठी अमेरिकेतल्या संस्थेनं दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. पाहुणे तासाभरानं जेवायला जातात, स्पीकरशेजारी पाच तास उभे असता तुम्ही.

तर काय घ्यायचं? आधी हेडफोन. कान झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे. मग दोन चॅनलचा छोटा कंट्रोलर, म्हणजे दोन टर्नटेबल आणि मिक्सर एकाच पट्टीवर. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ किंवा त्या वर्गातला कुठलाही चालेल. कंट्रोलर घेताना हेडफोनमध्ये पुढचं गाणं वेगळं ऐकता येतं का, एवढं नक्की बघा. ते नसेल तर ते खेळणं आहे. लॅपटॉप बहुधा आहेच. स्पीकर घेऊच नका. पहिली दोन वर्षं मंडपवाल्याकडून भाड्यानं घ्या, हर्कनं वडिलांकडून घेतले तसे. हळदीच्या अंगणाला अँप्लिफायर आतच असलेले १२ इंची दोन स्पीकर पुरतात. ९० डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट दिले तरी ४ मीटरवर ८८ डेसिबल मिळतात. नाचायला तेवढं पुष्कळ आहे. दुकानदार ‘दोन हजार वॅट पीएमपीओ’ म्हणाला तर हसून ‘आरएमएस किती?’ विचारा. पीएमपीओ हा क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा असतो. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. जास्त वॅटसाठी दिलेले पैसे हवेत जातात ते असे.

खोलीत वाजवणार असाल तर बेसचा स्पीकर कोपऱ्यात ढकलू नका. १५ फुटांच्या खोलीत ३७-३८ हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःच घुमतो, कोपऱ्यात आणखी. एका जागी आजी कान झाकते आणि मधोमध उभ्या पोरांना बेसच येत नाही. लॅपटॉप, कंट्रोलर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवा, नाहीतर अर्थिंगच्या फरकानं ५० हर्ट्झची घूं घूं सुरू होते. दाब वर-खाली होतो म्हणून स्टॅबिलायझर. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली लॅपटॉप बंद पडतो, त्याला सावली आणि छोटा पंखा, आणि गाणी वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

सराव यंत्राच्या आधी सुरू करा. आठ-आठ ठोके मोजत गाणी ऐका, दर गाण्याचे मिनिटाला किती ठोके ते लिहून ठेवा. घरातल्या बायकांना आधी भेटा आणि हळदीला काय लागतं ते विचारा. ट्रॉलीवरचा डीजे गर्दी बघतो, घरातला डीजे चेहरे. मावशी बसली की गाणं चुकलं. आमच्या भागातली अर्धी घरं गलाईच्या धंद्यानं बाहेरच्या राज्यांत असतात आणि लग्नासरायला परततात. त्यांच्या पोरांना वेगळी गाणी लागतात, आत्याला वेगळी. दोन्ही यादीत ठेवा, आत्याची आधी.

आता ज्यांना यावर संशोधन करायचंय त्यांच्यासाठी. ‘गावात साऊंड कधी आला?’ असं विचारत हिंडू नका. लोक प्रेमानं काहीही साल सांगतात. मंडपवाल्यांची जुनी पावती पुस्तकं मागा. त्यात तारीख, भाडं, भोंगे किती, बॅटरी की लाइट, सगळं असतं. लाऊडस्पीकर परवान्याचे अर्ज पोलीस ठाण्यात आणि तहसीलमध्ये जायचे, माहितीच्या अधिकारात काय शिल्लक आहे ते विचारता येतं. जुने अँप्लिफायर भंगारात जायच्या आत त्यांच्या मागच्या पट्टीचा फोटो काढा, त्यावर मॉडेल आणि वॅट असतात.

सगळ्यात भारी साधन मात्र तुमच्या घरच्या माळ्यावर असेल : लग्नाची व्हीएचएस कॅसेट. शूटिंगवाल्यानं चित्र घेतलं नवरा-नवरीचं, पण मागे आवाज आहे हलगीचा, भोंग्याचा, आहेर पुकारण्याचा, पहिल्या बेसचा. बऱ्याच कॅसेटमध्ये कोपऱ्यात तारीखही उमटलेली असते. एका तालुक्यातल्या वीस-पंचवीस लग्नांच्या अशा कॅसेट सालाप्रमाणे लावल्या आणि आवाजाचा आलेख काढला, तर घुमकं नेमकं कधी थांबलं आणि कुठल्या गल्लीत आधी थांबलं ते दिसेल. कॅमेऱ्याच्या माईकला खूप खालची पट्टी नीट पकडता येत नाही, म्हणून बेस किती होता ते थेट मोजू नका. घुमकं आणि कैताळ ऐकू येतात की नाही एवढंच नोंदवा. घरमालकांची लेखी परवानगी घ्या, चेहरे कुठेही छापू नका.

आणि माळ्यावरून कॅसेट काढली की लगेच प्लेअरमध्ये घालू नका. खिडकीतून आतल्या रिळावर पांढरट बुरशी दिसते का ते बघा. असली तर ती प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेट खराब होतात. आधी कोरड्या जागी ठेवा, साफ करून घ्या, मग एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या.